आयुष्यभर देऊन-घेऊनही भेटवस्तू चुकते का?

भेटवस्तूंच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी कोड्यात टाकते. इथे जागा दोनच, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, आणि आपण सगळेच जन्मभर या दोन्ही जागांवर आलटूनपालटून बसतो. नको असलेली वस्तू हातात पडली की कसं वाटतं ते आपल्याला चांगलं ठाऊक असतं. कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात खोक्यासकट पडलेल्या वस्तू आपणच तिथे सरकवलेल्या असतात. तरी दुसऱ्यासाठी काही घ्यायची वेळ आली की आपण नेमकी त्याच्या वरच्या कप्प्यात जाईल अशी वस्तू उचलतो. एवढ्या सरावानं माणूस तरबेज व्हायला हवा. तो होत नाही.

हा नुसता निष्काळजीपणा असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण दुकानं पालथी घालून, चार जणांचा सल्ला घेऊन आणलेली भेटही फसते, आणि घाईत उचललेली एखादी साधी वस्तू वर्षानुवर्षं वापरात राहते. म्हणजे गडबड मेहनतीत नाही, दुसरीकडेच कुठेतरी आहे. अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ अशा तिघांनीही ती आपापल्या परीनं शोधली आहे.

सुरुवात सगळ्यात रूक्ष माणसापासून करू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. तुम्हाला मिळालेल्या वस्तूंवर देणाऱ्यांनी किती खर्च केला असेल? आणि भावनेचा भाग बाजूला ठेवून, या वस्तूंचं तुमच्या लेखी मोल किती? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी निघाला. भेटींच्या किमतीचा साधारण एक दशांश ते एक तृतीयांश भाग हवेत विरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हवेत विरतो म्हणजे काय? समजा, कुणी तुमच्यासाठी शंभर रुपयांची वस्तू घेतली, पण तुम्ही स्वतः तिच्यासाठी ऐंशीच्या वर एक पैसा मोजला नसता. वरचे वीस दुकानदाराला मिळालेच की, असं कुणी म्हणेल. पण हेच शंभर तुमच्या हातात असते, तर दुकानदाराला शंभर मिळाले असते आणि तुम्हालाही शंभराचं समाधान मिळालं असतं. ते वीस रुपयांचं समाधान कुणाच्याच वाट्याला आलं नाही, ते तयारच झालं नाही. अर्थशास्त्रात अशा नुकसानीला मोठं वजनदार नाव आहे, पण गोष्ट एवढीच आहे.

या अभ्यासातला मला सगळ्यात आवडलेला तपशील वेगळाच आहे. मित्रमैत्रिणी आणि जोडीदार यांच्या भेटींत नुकसान कमी होतं, आजीआजोबा, काका, मावश्या यांच्या भेटींत जास्त. पण वस्तूऐवजी रोख रक्कम देण्याचं प्रमाणही याच नातेवाइकांत जास्त होतं. आपल्याला या पोरांच्या आवडीनिवडी कळत नाहीत हे त्यांना कळत होतं, आणि नोटा पाकिटात घालून देण्यामागे तोच शहाणपणा होता. रोख रक्कम देणाऱ्याला कोरडा म्हणण्याआधी याचा विचार करायला हरकत नाही.

अर्थात वॉल्डफोगेल यांच्यावर टीकाही झाली. १९९६ मध्ये सारा सॉल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी अशीच पाहणी केली, तेव्हा लोकांनी मिळालेल्या भेटींचं मोल चक्क किमतीपेक्षा जास्त सांगितलं. प्रश्न कसा विचारला, कुणाला विचारला, यावर बरंच अवलंबून असतं. माझ्या मते खरी मेख ‘भावनेचा भाग बाजूला ठेवून’ या अटीत आहे. भेटीतून भावना वजा केली तर उरते ती दुसऱ्यानं केलेली खरेदी, आणि ती चुकीची निघाली यात नवल काय? तरीही हा हिशेब मी फेकून देणार नाही. दुसऱ्याला काय आवडेल याचा आपला अंदाज किती हुकतो, हे मोजायची ती एक बऱ्यापैकी पट्टी आहे.

उघडण्याचा क्षण आणि नंतरचे दिवस

अंदाज का हुकतो याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर जेफ गलाक, ज्युलियन गिव्ही आणि एलानोर विल्यम्स यांनी २०१६ मध्ये दिलं. तोवर झालेले कितीतरी वेगवेगळे प्रयोग एका सूत्रात बसतात असं त्यांनी दाखवलं. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो भेट उघडण्याचा क्षण. कागद फाटणार, झाकण निघणार, समोरच्याचा चेहरा उजळणार. घेणाऱ्याला मात्र त्या क्षणानंतरचे सगळे दिवस त्या वस्तूबरोबर काढायचे असतात. दोघं एकाच वस्तूकडे बघतात, पण दोन वेगळ्या वेळी उभं राहून.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या गोष्टी पटापट उलगडतात.

किंमत घ्या. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये, लग्न ठरलेल्या स्त्रीपुरुषांना साखरपुड्याच्या अंगठीबद्दल विचारलं. अंगठी जितकी महाग, तितकी ती हिला जास्त आवडली असणार, असं देणाऱ्या पुरुषांना वाटत होतं. घेणाऱ्या स्त्रियांच्या उत्तरांत किंमत आणि आवड यांचा असा संबंध दिसला नाही. वाढदिवसाच्या भेटींबाबतही हेच आढळलं. देणारा मनातल्या मनात दोन वस्तूंची तुलना करत असतो, घेतलेली आणि परवडली नाही म्हणून दुकानात सोडून आलेली. घेणाऱ्यासमोर दुसरी वस्तू नसतेच. जी हातात आहे तिच्याशीच त्याचं देणंघेणं.

सोय हा दुसरा मुद्दा. समजा, एखाद्याला हॉटेलात जेवणाचं कुपन द्यायचं आहे. एक हॉटेल अप्रतिम, पण तासाभराच्या अंतरावर. दुसरं ठीकठाक, पण घराजवळ. देणारे अप्रतिमकडे झुकतात, घेणाऱ्यांना जवळचं बरं वाटतं. हेही प्रयोगांतून पुढे आलेलं आहे. वापरायला किचकट पण भारी वस्तू आणि साधी पण सुटसुटीत वस्तू यांतही तेच. भारीपणा उघडतानाच दिसतो, किचकटपणा तिसऱ्या दिवशी कळतो.

‘अनुभव’ भेट द्यावा की वस्तू, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. सहल, नाटकाचं तिकीट, काही शिकायचा वर्ग, अशा गोष्टी उघडताना फिक्या वाटतात. पाकिटात एक कागदच तर असतो. पण सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर यांच्या २०१७ च्या अभ्यासात, अशा भेटींनी देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं वस्तूंपेक्षा जास्त घट्ट होतं असं दिसलं, आणि त्यासाठी दोघांनी तो अनुभव बरोबर घेण्याचीही गरज नव्हती. अनुभव घेताना मन हलतं, आणि त्या वेळी तो देणाऱ्याची आठवण होते.

आता एक गंमत. एकाच वेळी अनेकांसाठी भेटी घेताना आपण आणखी जास्त चुकतो. दोन मैत्रिणींना एकच पुस्तक सगळ्यात जास्त आवडेल हे माहीत असूनही आपण दुसरीसाठी वेगळं, कमी आवडेल असं पुस्तक घेतो, कारण दोघींना सारखंच दिलं तर विचार केला नाही असं दिसेल. त्या दोघी कधी एकमेकींना भेटणार नसल्या तरी आपण असंच वागतो, हे मेरी स्टेफेल आणि रॉबिन लबफ यांनी २०१४ मध्ये दाखवलं. वेगळेपणाचा हा हट्ट घेणाऱ्याचा नसतोच. आपण मनापासून विचार केला, याचा पुरावा देणाऱ्याला स्वतःपुढेच ठेवायचा असतो.

यादीचंही तसंच. ‘मला हे हवंय’ असं कुणी स्पष्ट सांगितलं तर देणारा जरा खट्टू होतो. सांगून आणलेल्या भेटीत आपलं काय राहिलं? म्हणून तो यादी बाजूला ठेवतो आणि स्वतःच्या कल्पनेतलं काहीतरी आणतो. फ्लिन यांनी २०११ मध्ये एका सहसंशोधकाबरोबर हेच तपासलं. देणाऱ्यांना वाटत होतं की मागितलेली आणि न मागितलेली भेट सारखीच आवडेल. घेणाऱ्यांना मागितलेली जास्त आवडली, आणि तीच त्यांना जास्त आपुलकीची वाटली. तू सांगितलंस ते मी ऐकलं, ही काय कमी आपुलकी आहे?

चेहऱ्याची तालीम

इथवर वाचून कुणी विचारेल, की बाबा, चूक होते हे मान्य, पण समोरच्याचा चेहरा बघून कळायला नको का? पुढच्या वेळी सुधारता येईल. मला वाटतं, भेटवस्तूंच्या सगळ्या वैतागाचं मूळ इथेच आहे.

१९८४ मध्ये कॅरोलिन सार्नी यांनी सहा, आठ आणि दहा वर्षांच्या मुलांवर एक छोटा, थोडा दुष्ट म्हणावा असा प्रयोग केला. मुलांना एका कामाबद्दल आधी छानसं बक्षीस मिळालं. दुसऱ्या वेळी तशाच कामाबद्दल मिळालं तान्ह्या बाळाचं एक रटाळ खेळणं. मुलं त्या वेळी काय करतात ते टिपलं गेलं. लहान मुलांची, विशेषतः मुलग्यांची, निराशा तोंडावर दिसत होती. मोठी मुलं, त्यातही मुली, हसून वेळ निभावून नेत होत्या. नको असलेली भेट स्वीकारताना चेहरा कसा ठेवायचा, हे आपण प्राथमिक शाळेच्या वयातच शिकायला लागतो, तेही कुणी वर्ग न घेता.

ही तालीम चांगलीच आहे, तिच्याशिवाय माणसं एकमेकांच्या घरी जाऊ शकली नसती. पण तिचा परिणाम बघा. देणाऱ्यानं निवड केली ती चेहऱ्यावरच्या क्षणासाठी, आणि नेमका तोच क्षण खोटं बोलायला शिकवलेला. आचारी मीठ चाखून बघतो म्हणून पुढचा पदार्थ सुधारतो. इथे मात्र प्रत्येक वेळी ‘वा, काय सुंदर!’ हेच उत्तर येतं. वस्तू वरच्या कप्प्यात गेली याची खबर देणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, उलट भेट जमली अशी त्याची खात्री होते. मग पुढच्या वर्षी तो त्याच उत्साहानं त्याच जातीचं दुसरं काहीतरी आणतो. घेणारा आणखी मोठं हसतो, आणि आता तर त्याला खरं सांगायची सोयच उरत नाही. चिनी मातीच्या हत्तींचा संग्रह नसलेल्या माणसाच्या घरात चिनी मातीचे हत्ती साठत जातात ते असे. पहिल्या हत्तीला तो जरा जास्तच हसलेला असतो.

या चक्रामुळे वय वाढतं तशी भेट देण्याची अक्कल वाढत नाही. सराव होतो, पण निकाल कळत नाही, आणि निकालाशिवायचा सराव म्हणजे त्याच त्या चुका पक्क्या करणं.

मग देतोच कशाला?

कारण देणं खरंच सुखाचं असतं, आणि हे नुसतं सुविचारापुरतं खरं नाही. २००८ मध्ये एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे लोकांना सकाळी एक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात ५ डॉलर, कुणाच्या २०. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदात होते, आणि ५ की २० यानं काही फरक पडला नव्हता. इतरांना आधी अंदाज विचारला, तर त्यांनी बरोबर उलट सांगितलं होतं. २० डॉलर स्वतःवर उडवणारे सगळ्यात खूश असतील म्हणे! मूळ प्रयोग छोटा होता, म्हणून २०२० मध्ये तशाच धर्तीचा प्रयोग ७१२ विद्यार्थ्यांवर करून पाहिला गेला. दुसऱ्यासाठी काही घेणारेच जास्त आनंदात, हा निष्कर्ष तिथेही टिकला.

दोन वर्षं पूर्ण न झालेली मुलंसुद्धा स्वतःच्या वाटीतला खाऊ बाहुलीला देताना, तो खाऊ मिळताना होती त्याहून जास्त खुललेली दिसली. आणि हा आनंद लवकर शिळा होत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात एड ओब्रायन आणि सामंथा कॅसिरर यांनी लोकांना पाच दिवस रोज ५ डॉलर एकाच गोष्टीवर खर्च करायला लावले. स्वतःवर खर्च करणाऱ्यांची मजा रोज थोडी थोडी ओसरली. दुसऱ्याला देणाऱ्यांची जवळजवळ पहिल्या दिवसाइतकीच राहिली.

आता यात एक तिढा आहे. देण्याचा आनंद देणाऱ्याला मिळतोच, भेट जमो की फसो. म्हणजे फसलेल्या भेटीचा फटका त्याला बसतच नाही. हेही एक कारण, सुधारणा न होण्याचं.

परतफेडीचं ओझं

घेणाऱ्याचा वैताग मात्र वस्तूपुरता नसतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये जगभरच्या समाजांतल्या देण्याघेण्याचा अभ्यास करून सांगितलं, की भेट वरवर मनमोकळी दिसते, पण तिच्यात तीन बंधनं असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं, आणि परत द्यावं लागतं. नाकारणं म्हणजे नातं नाकारणं. परत न देणं म्हणजे कमीपणा पत्करणं.

हे बंधन किती खोल असतं? फिलिप कुन्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात शेकडो अनोळखी लोकांना नाताळची शुभेच्छापत्रं पाठवली. साधारण पाचांपैकी एकानं उलट शुभेच्छा धाडल्या, पाठवणारा कोण याचा पत्ता नसताना! डेनिस रीगन यांच्या १९७१ च्या प्रयोगात, न मागता शीतपेयाची एक बाटली आणून देणाऱ्या माणसाकडून लोकांनी नंतर सोडतीची तिकिटं जवळजवळ दुप्पट विकत घेतली. बाटलीपेक्षा तिकिटं महाग होती, आणि तो माणूस त्यांना आवडला की नाही यानं फारसा फरक पडला नाही. फुकट नमुने वाटणाऱ्या कंपन्यांना हे फार आधीपासून कळलेलं आहे.

म्हणूनच ऐपतीबाहेरची भेट घेणाऱ्याला सुखावत नाही, तर अवघडून टाकते. त्याला एकदम आकडेमोड करावी लागते: आता मला किती द्यावं लागणार? ‘याची काय गरज होती’ हे वाक्य आपण शिष्टाचार म्हणून म्हणतो, पण कधी कधी ते अगदी शब्दशः खरं असतं.

मिळालेली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकावी का, हा प्रश्नही याच ओझ्यातून येतो. अ‍ॅडम्स, फ्लिन आणि नॉर्टन यांनी २०१२ मध्ये दोन्ही बाजूंना विचारलं. देऊन टाकणाऱ्यांना वाटत होतं की मूळ देणारा फार दुखावेल, वस्तू कचऱ्यात टाकण्याइतकं हे वाईट. मूळ देणाऱ्यांना त्याचं तेवढं काही वाटत नव्हतं. एकदा दिलं म्हणजे ते तुझं, पुढे काय करायचं ते तू बघ, असा त्यांचा सूर होता. पापुआ न्यू गिनी देशातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तर वस्तू पुढे देणं हाच नियम आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं आणि हातात घालायची कडी उलट दिशेनं, बेटाबेटांमधून होड्यांनी फिरत राहतात. एखादी प्रसिद्ध माळ फार काळ स्वतःकडे अडवून ठेवली तर तिथे नाव खराब होतं.

जमवायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे विचारावं, आणि सांगितलेलं आणावं. अचानक भेट देण्याची हौस असेल तर ती वस्तूत नको, वेळेत असू द्या. गिव्ही आणि गलाक यांच्या २०२२ च्या अभ्यासाप्रमाणे, काहीही निमित्त नसताना आलेली भेट वाढदिवसाच्या भेटीपेक्षा जास्त आनंद देते, कारण त्या दिवशी अपेक्षा शून्य असते. वाढदिवसाला माणूस आधीच मनात काहीतरी धरून बसलेला असतो.

सजावटीवर जीव टाकू नका, निदान जवळच्या माणसासाठी तरी. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठातल्या संशोधकांना २०२० मध्ये असं आढळलं की मित्राकडून आलेल्या भेटीचं वेष्टन गबाळं असेल तर आतली वस्तू जास्त आवडते, कारण नीटनेटका कागद अपेक्षा उगाच वर नेतो. फक्त ओळखीपुरती ओळख असेल तर मात्र उलटं, तिथे नीटस कागदच बरा.

आणि जवळच्या माणसाबाबत एक धाडस करून बघा. आवडत्या गायकाचा फोटो फ्रेम करून द्यावा की तुमचा दोघांचा एकत्र फोटो? गिव्ही आणि गलाक यांनी २०१७ मध्ये असेच प्रश्न विचारले. देणारे गायकाकडे वळले, कारण त्यात चुकायची भीती कमी. घेणाऱ्यांना दोघांचा फोटो हवा होता. इतकं वैयक्तिक काही द्यायला आपण संकोचतो, आणि तेच समोरच्याला हवं असतं.

तारीख हुकली असेल, तर भेट रद्द करू नका. २०२४ च्या सुमारास झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उशिरानं नातं किती बिघडेल याचा देणारे फारच वाढवून अंदाज करतात, घेणाऱ्यांना उशिराचं तेवढं वाटत नाही. त्यांना लागतं ते काहीच न येणं. उशीर झाला म्हणून भरपाईदाखल महागडं काही शोधत बसण्याचीही गरज नाही, कारण त्या शोधात आणखी दोन आठवडे जातात.